ग्वातांबूचा उत्तर फाटा

रिंकोनची माणसं ओनोफ्रे झालेस्कीला देवमाणूस म्हणत, आणि हा शब्द कानावर पडला की ओनोफ्रे दुसरीकडे बघायला लागायचा. तो घाईघाईने विषय बदलायचा. पावसाचं विचारायचा, येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या चहाच्या, झाडांवर यंदा कीड किती आहे ते विचारायचा. लोक आपसात म्हणायचे, बघा, एवढं करतो पण कौतुक नको म्हणतो. आता जो माणूस कौतुक ऐकून पांढराफटक पडतो, त्याच्या मनात काहीतरी सलत असणार, एवढं साधं रिंकोनमध्ये बावीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. माणसं भोळी होती, आणि गरजू माणसाला भोळं राहणं सोयीचं पडतं.

ओनोफ्रे पिएद्रा आल्ताच्या नगरपालिकेत नकाशे काढायचा. जमिनीचे तुकडे, रस्ते, ओढे, हद्दी. अंगाने काटकुळा, बापाकडून पोलिश निळे डोळे, आईकडून पाराग्वेची कातडी. लग्न केलं नाही. दर दुसऱ्या रविवारी मोटरसायकल काढून तो नऊ किलोमीटरचा लाल मातीचा रस्ता तुडवत रिंकोनला जायचा आणि एर्मेलिंदा प्रातेसच्या ओसरीवर बसून लोकांचे कागद गोळा करायचा. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा, ओळखपत्राचा अर्ज. मग स्वतःची रजा खर्चून ते कागद सान फिदेलला न्यायचा. कारण रिंकोन होतं सान फिदेलच्या हद्दीत.

तिथेच सगळं दुखणं होतं. रिंकोनहून पिएद्रा आल्ताच्या चर्चची घंटा ऐकू यायची. रिंकोनची तंबाखू पिएद्रा आल्तात विकली जायची, रिंकोनच्या मुली पिएद्रा आल्तात दिल्या जायच्या. सान फिदेल मात्र डोंगराला वळसा घालून चौसष्ट किलोमीटर, पार उरुग्वाय नदीच्या काठाला, जिथून पलीकडे ब्राझीलमधल्या घरांची वाळत घातलेली धुणी दिसतात. दोन बस बदलायच्या, मध्ये सीमा पोलिसांच्या नाक्यावर उतरून ओळखपत्र दाखवायचं, आणि ज्याचं ओळखपत्रच काढायचंय त्याने काय दाखवायचं ते देव जाणे. पिएद्रा आल्ताचं रस्ता सपाट करणारं यंत्र ओढ्यावरच्या पुलापर्यंत यायचं, पातं उचलायचं आणि तोंड फिरवून परत जायचं. पुलाच्या अलीकडे रस्ता गुळगुळीत, पलीकडे गुडघाभर चाकोऱ्या.

“आमच्याकडे पाऊससुद्धा सान फिदेलला अर्ज केल्याशिवाय पडत नाही,” गिरणीवाला ब्रूनो हेटमान म्हणायचा. “आणि पडला की मग थांबवायला पुन्हा वेगळा अर्ज.”

सगळे हसायचे. ओनोफ्रेही हसायचा, पण त्याची नजर हातातल्या कागदावर असायची. ही हद्द त्याने काढली होती.

म्हणजे कायद्याने वेगळंच म्हटलं होतं. एक्याऐंशी साली सान फिदेल नगरपालिकेचे दोन भाग करून दक्षिणेला पिएद्रा आल्ता नवी करायची ठरली, तेव्हा कायद्यात लिहिलं: ग्वातांबू ओढ्याचा मुख्य प्रवाह उगमापर्यंत, ही हद्द. आता ग्वातांबूला वर दोन फाटे आहेत, उत्तरेचा आणि दक्षिणेचा, आणि त्या दोहोंच्या बेचक्यात रिंकोन. मुख्य प्रवाह उत्तरेचा धरला तर रिंकोन पिएद्रा आल्तात. दक्षिणेचा धरला तर सान फिदेलमध्ये. कोणता धरायचा, हे पाहायला मोजणी अधिकारी लुसेरो आणि त्याच्या हाताखाली नुकताच लागलेला एकोणतीस वर्षांचा ओनोफ्रे मार्चमधल्या एका शनिवारी तिकडे गेले होते.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. त्या लाल चिखलात जीप रुतली. लुसेरोचं पोट मोठं आणि श्वास लहान. तो म्हणाला, “तू जा रे पुढे. दोन्ही फाट्यांच्या उगमापर्यंत जाऊन ये आणि वहीत लिही. मी इथं बसतो.” ओनोफ्रे संगमापर्यंत गेला. दक्षिणेच्या फाट्याला मांडीभर पाणी खळाळत होतं. उत्तरेच्या फाट्यात घोटाही बुडत नव्हता. ऊन चढलेलं, बुटांना शेर शेर चिखल, डासांनी मान फोडून काढलेली. उगम तिथून आणखी तीन-तीन किलोमीटर, तेही वेळूच्या जाळीतून. यात बघायचंय काय, असं म्हणून तो एका दगडावर बसला आणि वहीत त्याने लिहिलं: ‘दोन्ही फाटे उगमापर्यंत चालून पाहिले. मुख्य प्रवाह दक्षिणेचा.’ तासभर वेळ काढून तो परत आला, तेव्हा लुसेरो जीपमध्ये घोरत होता; किती वेळ गेला ते त्याने विचारलंही नाही.

आता त्या मुलखातल्या कोणत्याही पोराला विचारा, शनिवारी सकाळी ओढ्याचं पाणी बघून ओढा मोजतात का? शनिवार हा मांदिओकाचे कंद किसून त्याचं पीठ काढायचा दिवस. गाड्या भरभरून कंद गिरणीवर येतात, म्हणून गिरणीवाला शुक्रवारी संध्याकाळीच बांधाची फळी टाकून पाणी अडवतो. शनिवारी दुपारी फळी उघडेपर्यंत खालचा ओढा उपाशी. ब्रूनोच्या बापाची गिरणी उत्तरेच्या फाट्यावरच होती. ओनोफ्रेच्या सख्ख्या मामाचीही अशीच गिरणी होती, आणि लहानपणी ती फळी टाकण्यासाठी मामेभावांशी तो भांडलेला होता. त्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. दगडावर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

इथवरची चूक माफ करता आली असती. तरुण वय, ऊन, आळस. पण जूनमध्ये, एका बुधवारी, ब्रूनोच्या बापाच्या जमिनीची मोजणी करायला तो गिरणीवर गेला आणि उत्तरेचा फाटा त्याने पहिल्यांदा भरलेला पाहिला. घोडा घातला तर पोटाला पाणी लागत होतं. ओनोफ्रे बांधावर उभा राहिला. त्याचे कान तापले. त्याला सगळं एका क्षणात कळलं.

नकाशा तोवर प्रांताच्या राजधानीला, पोसादासला, सहीसाठी गेला होता. छापून यायला सप्टेंबर उजाडणार होता. एक पत्र पुरलं असतं. ते त्याने टंकलिखित केलंही, चार ओळींचं. पण त्याच आठवड्यात लुसेरोने त्याची नोकरी कायम करण्याची शिफारस केली होती, आणि शिफारशीत लिहिलं होतं, ‘जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय न लिहिणारा कर्मचारी.’ ओनोफ्रेने पत्र फाडलं. त्याने स्वतःची समजूत घातली, पंचवीस घरांची वस्ती, इकडे काय न् तिकडे काय. कुणाचं काय अडणार आहे?

एकोणनव्वद साली अडलं.

एर्मेलिंदाची सात वर्षांची नेलिदा तंबाखूच्या शेतात आईच्या पुढे धावत होती, तिला यारारा चावला. त्या सापाचं विष उतरायला लस लागते, आणि लस होती पिएद्रा आल्ताच्या दवाखान्यात. नवरा लाकूडतोडीला गेलेला. ब्रूनो घोडा दामटत पिएद्रा आल्ताला गेला. रुग्णवाहिका लगेच निघाली, लस घेऊन निघाली, आणि पुलाच्या अलीकडे थांबली. नगराध्यक्षांच्या परवानगीशिवाय गाडी हद्दीबाहेर न्यायची नाही, असा लेखी हुकूम होता. आधीच्या ड्रायव्हरची त्यावरून नोकरी गेली होती. नगराध्यक्ष कुठल्याशा लग्नाला गेलेले. ड्रायव्हर वायरलेसवर ओरडत राहिला. तिकडून एर्मेलिंदा पोरीला खांद्यावर टाकून चिखलातून अडीच किलोमीटर पळत पुलावर आली. तिथे नर्सने सुई टोचली. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास आधी मिळायला हवी होती.

ओनोफ्रे प्रेतयात्रेला गेला. पांढऱ्या छोट्या पेटीला एका कोपऱ्याला त्याने खांदा दिला. मृत्यूची नोंद करायला सान फिदेलला तोच गेला, आणि तेव्हापासून त्याचे रविवार सुरू झाले. वर्षभराने एर्मेलिंदाला दुसरी मुलगी झाली, आदेला. तिचा धर्मपिता कोण व्हायचं यावर घरात चर्चाच झाली नाही.

“तुम्हीच,” एर्मेलिंदा म्हणाली. “आमच्यासाठी एवढं कुणी केलंय?”

नाही म्हणायला कारण हवं, आणि खरं कारण तोंडातून निघेना. त्या दिवसापासून एर्मेलिंदा त्याला कोंपाद्रे म्हणायला लागली, पोरीचा दुसरा बाप या नात्याने. भावापेक्षा जवळचं नातं मानतात ते. ओनोफ्रे आदेलाला पाटी घेऊन द्यायचा, वाढदिवसाला बूट न्यायचा, तिला नकाशा वाचायला शिकवायचा. पोरीने गळ्यात हात टाकले की त्याला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाचीच लाज वाटायची. हे सुख आपल्याला कशामुळे मिळालं, याचा हिशोब त्याला कधी विसरता आला नाही.

अशी बावीस वर्षं गेली. ओनोफ्रे एकोणसाठचा झाला, निवृत्तीला आठ महिने उरले, आणि रिंकोनच्या लोकांनी पाठवलेला सतरावा अर्ज पोसादासमध्ये अचानक कुणीतरी वाचला. हद्द पुन्हा तपासायला आयोग येणार असं कळलं.

आयोगाच्या प्रमुख सिमोनेत्तीबाई, वकील, चष्मा कपाळावर. त्यांनी ओनोफ्रेला आधी फोन केला. “उपग्रहाच्या फोटोत दोन्ही फाटे जवळपास सारख्याच लांबीचे दिसतात. ब्रूनो हेटमानचा बांध पंच्याण्णव सालच्या पुरात वाहून गेला, त्या पुराने पात्रंही बदलली. म्हणजे आजचं पाणी मोजून उपयोग नाही. तेव्हा मोजणी करणाऱ्याने काय पाहिलं, तेच धरावं लागेल. लुसेरो वारले. तुम्ही एकटे उरलात. वहीत तुम्ही लिहिलंय, उगमापर्यंत चालून पाहिलं. तुम्ही तेच सांगितलंत तर विषय कायमचा संपला.”

“आणि वेगळं सांगितलं तर?”

“तर मोजणी रद्द. मग गिरणीचे जुने कागद, लोकांच्या साक्षी, यावर रिंकोन पिएद्रा आल्ताला जोडता येईल. शनिवारी रिंकोनच्या शाळेत या.”

ओनोफ्रेने आठवडाभर धड खाल्लं नाही. सांगायचं हे त्याने ठरवलं होतं, त्याबद्दल त्याला श्रेय द्यायला हवं. पण किती सांगायचं? चूक झाली एवढं सांगून भागत होतं. चूक कुणाचीही होते. चूक कळून तीस वर्षं तोंड शिवून बसलो, हे आयोगाने विचारलेलंच नव्हतं.

शनिवारी शाळेचा वर्ग फुलून गेला होता. खिडक्यांतही डोकी. तेरेरेचा, थंड पाण्यात भिजवलेल्या येर्बाचा, पेला हातोहात फिरत होता. ब्रूनो स्वच्छ हजामत करून आला होता आणि प्रत्येकाला सांगत होता, “आज मी मेलो तरी चालेल, पण पिएद्रा आल्तात मरेन. तेही पूल न ओलांडता.” एर्मेलिंदा पहिल्या बाकावर होती. तिने ओनोफ्रेसाठी शेजारी जागा धरली होती, त्यावर रुमाल टाकून.

सिमोनेत्तीबाईंनी वही उघडून ती ओळ मोठ्याने वाचली. “झालेस्की, हे अक्षर तुमचं?”

“माझं.”

“उगमापर्यंत चालून पाहिलंत?”

“नाही,” ओनोफ्रे म्हणाला. “संगमावरून परत आलो. शनिवार होता. गिरणीची फळी टाकलेली होती. उत्तरेच्या फाट्याला पाणी दिसलं नाही, म्हणून दक्षिणेचा लिहिला. मुख्य प्रवाह उत्तरेचाच होता. रिंकोन पहिल्यापासून पिएद्रा आल्ताचं आहे.”

मग मागून ब्रूनो ओरडला, “शनिवारी! अहो ओनोफ्रे, शनिवारी ओढा मोजलात? बैलसुद्धा शनिवारी ओढ्यावर जात नाही हो!” आणि हास्याचा स्फोट झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याचं डोकं धरून चुंबन घेतलं. तीस वर्षांची पीडा टळली होती, आणि ती टाळणारा पुन्हा तोच देवमाणूस. या वयात, निवृत्तीच्या तोंडावर, स्वतःचं नाव खराब करून घेऊन खरं बोलला!

सिमोनेत्तीबाई लिहीत होत्या. त्या भल्या बाई होत्या. म्हणाल्या, “म्हणजे हे आता, आमच्या फोननंतर तुमच्या लक्षात आलं. असंच ना?”

“हो,” ओनोफ्रे म्हणाला.

किती सहज आलं ते तोंडातून. इतकं सहज की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. तो वळला, रुमाल टाकलेल्या जागेकडे निघाला, आणि त्याला एर्मेलिंदा दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या कपाळाला आठी होती, गणित सुटत नसलेल्या पोराच्या कपाळाला असते तशी.

“कोंपाद्रे,” ती म्हणाली. आवाज लहान होता, तरी पहिल्या दोन रांगा गप्प झाल्या. “आता लक्षात आलं म्हणता, मग तुम्ही येत का होतात?”

“म्हणजे?”

“दर दुसऱ्या रविवारी. पावसात, थंडीत. ना नात्याचे, ना गोत्याचे. मी लोकांना सांगायची, माझी पोर गेली तेव्हा त्यांचं काळीज हललं म्हणून येतात. पण पोरी दुसऱ्यांच्याही गेल्या आहेत. तुम्ही आमच्याचकडे का येत होतात?” ती उठून उभी राहिली. “तुम्हाला कधी कळलं?”

अजूनही ‘आत्ताच’ म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता, निदान ठेवायचा प्रयत्न केला असता. ओनोफ्रेने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातांवर तंबाखूच्या चिकाचे काळे डाग होते. याच हातांनी तिने पोरीला उचलून आणलं होतं.

“नेलिदा जन्मायच्या आधी,” तो म्हणाला.

ती बाकाची कड धरून खाली बसली. मागे अजून हसणाऱ्यांना शेजाऱ्यांनी गप्प केलं. ब्रूनोने टोपी काढली. लस आणायला घोडा त्याने दामटला होता.

“पेटीला खांदा दिला तेव्हा माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“माझी आदेला हातात घेऊन चर्चमध्ये उभे राहिलात, तेव्हा?”

“हो.”

सिमोनेत्तीबाईंनी लेखणी खाली ठेवली. “हे नोंदवायची गरज नाही. हद्दीच्या प्रश्नाशी याचा संबंध...”

“लिहा,” एर्मेलिंदा म्हणाली. “सगळं लिहा.”

बाईंनी लिहिलं. ओनोफ्रेने सही केली. मग रिंकोनची माणसं एकेक करून साक्षीच्या सह्या करायला पुढे आली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठे उठवले. ओनोफ्रे भिंतीशी उभा होता. त्याच्या अंगावर कुणी धावून गेलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पेला मात्र त्याच्या हातात न येता पुढच्या माणसाकडे गेला. त्याला वाटलं, कुणीतरी मारलं तर बरं होईल. तेवढी मेहेरबानीही कुणी केली नाही.

तो बाहेर आला आणि मोटरसायकल ढकलत चालू लागला. चालू करून निघून जाण्याचं धैर्य झालं नाही, पळाल्यासारखं दिसलं असतं. मागून पावलं आली. एर्मेलिंदा. ती त्याच्या बाजूने चालत राहिली, अडीच किलोमीटर. पाहुण्याला पुलापर्यंत पोचवायची तिच्या घरची रीत होती, आणि ती मोडायला तिला सुचलं नसावं, किंवा तिला दुसरंच काही करायचं होतं.

पुलावर ती थांबली.

“तुम्ही आज खरं बोलला नसतात, तर आम्ही आणखी तीस वर्षं तसेच राहिलो असतो,” ती म्हणाली. “ते मला कळतं. पण मला ते आत्ता मोजता येत नाही.”

“मी माफी मागायला...”

“नका मागू. माझ्याकडे नाहीये ती. शोधली तरी सापडायची नाही.” तिने पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसले. “चारच्या बसने आदेला येतेय पोसादासहून. तिची नर्सिंगची परीक्षा झाली. तिच्या खोलीत भिंतीवर तुमचा फोटो आहे, माझा नाही. तिला हे कोण सांगणार?”

ओनोफ्रेने मोटरसायकल पुलाच्या कठड्याला टेकवली.

“मी सांगणार नाही. गावातल्या कुणाच्या तोंडून तिने ऐकायचं नाही. तुम्ही थांबा इथं. आणि माझ्याशी केलंत तसं तिच्याशी करू नका, पहिल्यांदाच सगळं सांगा.” ती वळली. दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाली, “सांगून झालं की तिला घरी पाठवा, साहेब.”

बावीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच साहेब म्हटलं होतं.

बस सव्वाचारला आली. पुलाच्या अलीकडे थांबली, कारण पलीकडे जायची तिलाही परवानगी नव्हती. आदेला उतरली, खांद्यावर पिशवी, केसांत लाल धूळ. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला. “पाद्रीनो! तुम्ही मला घ्यायला आलात?” ती धावतच आली, पिशवी तिने रस्त्यात टाकली, आणि त्या मुलखात लेकरं धर्मपित्यासमोर उभी राहतात तशी ती मान झुकवून, दोन्ही हात जोडून त्याच्यापुढे उभी राहिली आणि आशीर्वाद मागितला.

ओनोफ्रेचा हात सवयीने अर्धा वर आला. तो त्याने खाली घेतला.

“आधी बस,” तो म्हणाला. “मग तुला वाटलं तर माग.”